अंगठा

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. विरारला आमच्या गल्लीतली दुकानं आदल्या दुपारपासून बंद होती. बाळासाहेब ठाकरे गेले होते आणि टीव्हीवर शिवाजी पार्ककडे निघालेली गर्दी काही केल्या संपत नव्हती. माझे सासरे सकाळपासून टीव्हीसमोरून हलले नव्हते. चहा त्यांनी तिथेच घेतला, मधूनच डोळे पुसले. भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते, डब्यात चकल्या शिल्लक होत्या, पण त्या दिवशी डबा कुणी उघडला नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या दुःखाच्या विरोधात नाही. आमच्या घरातलं दुःख खरं होतं.

त्याच रविवारी आमच्यापासून पाऊण तासावर, पालघरला, विशीतल्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. आदर कमवावा लागतो, तो लादता येत नाही; मुंबई आज आदरापोटी नव्हे, भीतीपोटी बंद आहे, अशा अर्थाच्या. तिच्या मैत्रिणीनं त्या ओळींना लाईक केलं. थोड्याच वेळात लोक जमले. मुलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. दोघींना पोलीस ठाण्यात नेलं, न्यायालयापुढे उभं केलं आणि जामिनावर सोडलं.

मी तेव्हा बोईसरला नोकरी करत होते आणि विरार-डहाणू शटलनं जात-येत होते. आमचा बायकांचा डबा म्हणजे चालतं-बोलतं गाव. सासू, सून, साहेब, नगरसेवक, मंत्री, कुणाची सुटका नसे. भाजी निवडता निवडता सरकारं पाडली जायची. कुणी एखादीला आवरलं तर ती म्हणायची, "घाबरते की काय मी कुणाला?" आणि खरंच कुणी घाबरत नसे. बोललेलं सफाळे स्टेशन येईपर्यंत विरून जायचं. ऐकणाऱ्या सगळ्या ओळखीच्या, बोलणारीचा स्वभाव प्रत्येकीला माहीत, त्यामुळे कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं हेही माहीत.

सोमवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत बातमी पोचली होती. लिहिणारीला पकडलं याचं नवल कमी आणि लाईक करणारीला पकडलं याचं जास्त होतं. खिडकीजवळची एक जण म्हणाली, "म्हणजे नुसता अंगठा दाखवला म्हणून?" मग कुणी काही बोललं नाही. माझ्या समोरच्या बाकावर तिघी होत्या, तिघींनी पर्समधून फोन काढले. दोन दिवसांत कुठे कुठे लाईक केलंय ते शोधून त्या काढून टाकत होत्या. मीही काढलं. माझं काय होतं ते आठवतसुद्धा नाही, इतकं ते किरकोळ असणार. गाडी पालघरला थांबली, सुटली, आणि आमचा तो बोलका डबा विरारपर्यंत गप्प राहिला.

त्या दोघींविषयी पुढे बरंच लिहून आलं. दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं, प्रकरण बंद झालं. पण मला छळत राहिली ती त्या डब्यातली शांतता. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, नोटीस नाही, धमकी नाही. आमचे अंगठे आपणहून मागे आले होते.

माझी आजी निरक्षर होती, कागदावर अंगठा उठवायची. जमिनीचा कागद असो की सोसायटीच्या कर्जाचा, तो कुणीतरी शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय ती हात पुढे करत नसे. जांभळ्या शाईचा पॅड यायचा, अंगठा दाबून झाला की उरलेली शाई ती केसांना पुसायची आणि म्हणायची, "एकदा दिला की परत घेता येत नाही, बाई." आजीला कळत होतं की आपण कशाला बांधले जातोय. आमच्या हाती अंगठा आला तो दिवसातून पन्नास वेळा, गंमत म्हणून, वाढदिवसाच्या केकखाली, कुणाच्या नातवाच्या फोटोखाली. त्याच अंगठ्याचा कुणी पुरावा करील असं आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

इंटरनेटनं बोलण्याचं स्वातंत्र्य वाढवलं की कमी केलं, असं कुणी विचारलं की मला माझे वडील आठवतात. ते वृत्तपत्रांना पत्रं लिहायचे. पोस्टकार्डावर, बारीक अक्षरात, कडेच्या मोकळ्या जागेतही दोन ओळी. रस्त्यावरचे खड्डे, एसटीच्या वेळा, शाळेतलं गळकं छप्पर. पाठवण्याआधी प्रत्येक पत्राची नक्कल एका वहीत उतरवून ठेवायचे. त्या वहीत शंभराच्या वर पत्रं आहेत आणि छापून आलेली अकरा. छापून आलेल्या पत्राच्या नकलेशेजारी ते लाल शाईनं तारीख घालायचे. अकरा तारखांमध्ये एकोणीस वर्षं गेली. छापलेलं पत्रही पूर्ण नसे, संपादकांनी निम्मं उडवलेलं असे. तरी ते कात्रण पाकिटात घालून महिनाभर फिरायचे.

बाकीच्या पत्रांचं काय झालं? ती कुणीच वाचली नाहीत. राज्यघटनेनं अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये दिलेलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य माझ्या वडिलांना पूर्ण होतं, पण ते ऐकू जाईल अशी जागा एकोणीस वर्षांत अकरा वेळा मिळाली. म्हणून इंटरनेटला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. युनिकोड आलं, फोनवर मराठी उमटू लागलं आणि ज्यांना कुठल्याच संपादकानं दारात उभं केलं नसतं अशा किती जणी लिहित्या झाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या लेकीनं फडावरच्या दिवसांबद्दल लिहिलेलं मी फोनवर वाचलं आहे, आणि वडिलांना दाखवायला ते नाहीत याचं वाईट वाटलं आहे.

पण वडिलांच्या पोस्टकार्डात एक गोष्ट होती जी आमच्याकडे उरली नाही. पत्र छापलं की त्या शब्दांच्या मागे छापखाना असे, संपादक असे. वाद झालाच तर तोही न्यायालयात उभा राही. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते ते वृत्तपत्रांत छापलेल्या मजकुरासाठीच. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल त्यांनी लिहिलं, कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं ती बनावट निघाली. आज ज्याला आपण फेक म्हणतो ते तेव्हाही होतं. फरक इतकाच की ज्यांनी छापलं ते दोघे नावानिशी पुढे आले, चूक कबूल केली आणि शिक्षाही भोगली. पालघरच्या त्या मुलीच्या मागे कोण होतं? ती एकटी, तिचा फोन, आणि तिच्या घरच्यांचा उघड्यावर पडलेला पत्ता.

ज्या कलमांखाली त्या दोघींवर गुन्हा दाखल झाला त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. २००८च्या दुरुस्तीनं ते कायद्यात आलं आणि ऑक्टोबर २००९पासून लागू झालं. संगणकावरून किंवा फोनवरून कुणाला फार आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोयीचं वाटेल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. गैरसोयीचं! माझ्या वडिलांचं एक तरी पत्र कुणाच्या गैरसोयीचं नव्हतं का? खड्ड्याबद्दलचं पत्र बांधकाम खात्याच्या गैरसोयीचंच असायचं, तेवढ्यासाठीच ते लिहिलेलं असायचं. तेच वाक्य वृत्तपत्रात छापलं तर चालत होतं आणि फोनवरून गेलं तर गुन्हा होत होता.

पालघरच्याच वर्षी, २०१२च्या एप्रिलमध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलनं पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली होती. त्यांची त्या खटल्यातून सुटका झाली २०२३मध्ये. जवळजवळ अकरा वर्षं! २०१२च्याच सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना पकडलं, तेव्हा ६६अच्या जोडीला राजद्रोहाचं कलमही लावलं होतं.

राजद्रोह म्हटलं की मराठी माणसाला १८९७ आठवतं. टिळकांवरच्या त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं होतं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा झाला. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 'प्रीतीचा अभाव' आणि 'गैरसोय' या दोन शब्दांत शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हींना कुंपण नाही. अंमलदार म्हणेल तिथपर्यंत ते ताणता येतात. शब्द जितका ढिला तितकं माणसाला आपण कधी अडकू ते आधी कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्यापासून माणूस चार हात लांब राहतो. आमच्या डब्यात त्या सोमवारी हेच घडलं होतं.

पालघरनंतर काही दिवसांतच श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल लागला २४ मार्च २०१५ रोजी. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून संपूर्ण रद्द केलं. निकालपत्रातली एक गोष्ट मी वहीत उतरवून ठेवली आहे, वडिलांच्या त्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. न्यायालयानं बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, एखाद्या मताचा कितीही हिरिरीनं पुरस्कार करणं, ते मत लोकांना कितीही नकोसं असलं तरी, हे स्वातंत्र्याच्या गाभ्यात येतं. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं की मगच कायद्यानं हात घालायचा.

संध्याकाळी डब्यात मी ही बातमी मोठ्यानं वाचली. टाळ्या वाजल्या. एकीनं पेढे आणले नव्हते म्हणून चिक्कीच वाटली. सगळं संपलं असं वाटलं होतं.

संपलं नव्हतं. रद्द झालेल्या कलमाखाली देशभरच्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेनं ते २०२१मध्ये न्यायालयाच्या नजरेला आणलं तेव्हा न्यायमूर्तींनाही धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. सात वर्षं मेलेलं कलम जिवंत माणसांना धरत होतं. आणि त्याच २०१५च्या निकालानं ६९अ हे कलम मात्र कायम ठेवलं, ज्याखाली सरकार एखादा मजकूर देशात दिसेनासा करू शकतं. त्या आदेशांबाबत गुप्तता पाळायचा नियम आहे. ६६अखाली निदान माणसाला न्यायालयात उभं तरी केलं जाई. इथे आपले शब्द का गेले हे लिहिणाऱ्यालाच कळलं नाही तर त्यानं दाद कशाविरुद्ध मागायची?

मुंबई उच्च न्यायालयाचं मला इथे मनापासून कौतुक वाटतं. २०२३च्या नियमांनी केंद्र सरकारला आपल्या कारभाराबद्दलचा कुठला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा हे ठरवणारा स्वतःचाच कक्ष नेमायची सोय करून दिली होती. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर त्याविरुद्ध न्यायालयात गेले. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यानंच तक्रार खरी की खोटी ते ठरवायचं, हे आमच्या डब्यातल्या कुठल्याही बाईला पटलं नसतं.

एवढं सगळं लिहूनही मला राईनपाड्याजवळ थांबावंच लागतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागात फोनवरून आधीच पसरले होते. जमावानं त्या पाचांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण गेले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी माणसं. पूर्वी गावात डवरी आला की आजी सुपातून पीठ घालायची.

तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांना कुणाला मारायचं होतं? बहुतेकांना आपल्या पोरांची काळजीच असणार. त्यांनीही अंगठाच वापरला. बोलण्याचं स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्या माझ्यासारखीनं त्या पाच जणांच्या घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मी टाळला तर बाकीचं सगळं लिहिणं खोटं ठरेल.

मी खूप विचार करून इथवर आले आहे: राईनपाड्यात पसरलं ते मत नव्हतं, ती आवई होती, आणि जमावात कुणीतरी 'मारा' म्हणालं ती चिथावणी होती. चिथावणी तेव्हाही गुन्हा होती, आताही आहे; तेव्हा दंड संहितेत तिच्यासाठी कलमं होती, २०२४पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत आहेत. पालघरची मुलगी विचारत होती, राईनपाड्यात कुणी विचारतच नव्हतं. त्या बाजारात एकानं तरी मोठ्यानं विचारलं असतं की हे खरं कशावरून, आणि त्याचं ऐकलं गेलं असतं, तर कदाचित ते पाच जण वाचले असते. तेव्हा राईनपाड्याच्या नावानं पालघरसारख्या अटकांचं समर्थन करणं मला मान्य नाही. विचारणाऱ्याचा धीर खचला तर आवई आणखी मोकाट होते. राईनपाड्याच्याच महिन्यात, जुलै २०१८मध्ये, व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मला तो उपाय बरा वाटला, कारण त्यानं कुणाचं तोंड बंद केलं नाही, फक्त हाताचा वेग कमी केला.

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर चौसष्ट माणसं आहेत. एक चुलतकाका रोज सकाळी सहा वाजता काहीतरी पाठवतात, बहुतेकदा एखाद्या समाजाबद्दल ऐकीव आणि विखारी. पूर्वी मी दोन-तीनदा लिहिलं, "काका, हे खरं नाही." काका रुसले. आत्यानं फोन करून सांगितलं, "मोठ्यांना असं चारचौघांत बोलू नये गं." समोरासमोर असते तर मी काकांचा हात धरून बोलले असते, त्यांनीही ऐकलं असतं, ते वाईट माणूस नाहीत. चौसष्ट जणांसमोर मात्र माझं एक वाक्य त्यांच्या अब्रूवर गेलं. आता मी लिहिते आणि पुसते. लिहिते आणि पुसते. माझं असं पुसलेलं एकत्र केलं तर वडिलांच्या वहीएवढं भरेल. पण त्यांच्याकडे निदान नक्कल होती.

आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. तिरडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. आज असं लिहिणाऱ्या बाईच्या फोनवर दिवसाला शंभर तिरड्या येतात, आणि खांदेकऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीनं याला कंटाळून लिहिणं सोडलं. ती चांगलं लिहायची. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिणं तिला आवडणार नाही.

मार्चमध्ये माझ्या भाच्याचा फोन आला. माझी धाकटी बहीण वाडा तालुक्यातल्या एका गावात दिली आहे. तिथे नळपाणी योजनेची टाकी उभी राहून तीन वर्षं झाली, नळ बसले, पाणी आलं नाही. भाच्यानं पहाटे चार वाजता विहिरीवरच्या हंड्यांच्या रांगेचा फोटो काढला, शेजारी टाकीचा फोटो लावला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ: "टाकीत पाणी कधी?" सकाळपर्यंत दीडशे अंगठे आले होते. दुपारी त्याच्या वडिलांना गावातल्या एका वजनदार माणसानं बोलावून घेतलं. चहा दिला. पिठाच्या गिरणीचा ना-हरकत दाखला अजून व्हायचा आहे ना, असं विचारलं. निघताना म्हणाला, "पोराला जरा आवरा." बस, एवढंच.

भाच्यानं पोस्ट काढली. दीडशे अंगठ्यांपैकी एकही माणूस त्याच्या घरी आला नाही. फोनवर तो मला म्हणाला, "मावशी, मी काय चुकीचं लिहिलं होतं?" पोलीस नव्हते, कलम नव्हतं, सर्वोच्च न्यायालयाला रद्द करता येईल असं तिथे काहीच नव्हतं. माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. शटलमधल्या त्या सोमवारी आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं त्याचं व्याज हे पोरगं भरतंय, असं वाटत राहिलं.

आठवड्यानं तो विरारला आला, तेव्हा दोघांनी मिळून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. टाकीवर किती खर्च झाला, पाणी कुठून येणार होतं, काम पुरं झाल्याचा दाखला कुणी दिला. आपल्या राज्यात या अर्जाला नियम आहे, विषय एक आणि शब्द दीडशेपर्यंत. त्यानं लिहिलेले झाले तीनशे बारा, त्यात संताप बराच होता. मी वडिलांची वही काढून त्याच्यापुढे ठेवली, पोस्टकार्डात मावेल असं कसं लिहायचं ते दाखवायला. तो बराच वेळ लाल शाईच्या तारखा बघत बसला. मग एकेक शब्द खोडत गेला. एकशे सेहेचाळीसवर आलो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला.

शेवटी सही करायच्या आधी तो थांबला. म्हणाला, "पूर्ण नाव, पत्ता द्यावाच लागतो?"

मी म्हटलं, "द्यावा लागतो."

त्यानं वडिलांकडे फोन लावला, बाल्कनीत जाऊन बोलला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला, आधण उकळून गेलं तरी तो बोलतच होता. आत आला तेव्हा काही न बोलता खुर्ची ओढून बसला आणि अर्जाची नक्कल आजोबांच्या वहीत उतरवून काढू लागला.